सोसणे आणि सांगणे

सोसणे हा स्त्रीचा दागिना, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. जिने बाळंतपणाच्या वेणा ओठ मिटून काढल्या, घरच्यांचे बोल मुकाट्याने ऐकले, ताप अंगावर काढून दोन वेळचा स्वयंपाक केला, तिचे कौतुक शेजारीपाजारी होते आणि मंडळीतही होते. ‘कधी तोंडातून ब्र काढला नाही’ हे शब्द आपण कितीतरी अंत्यविधींच्या वेळी ऐकले असतील. हा गुण खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. सोशिक माणसांनीच अनेक घरे उभी ठेवली. परंतु सोसणे आणि न सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. काही वेळा या गल्लतीची किंमत जिवानिशी मोजावी लागते. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेच्या आधी केमोथेरपी दिली जाते, तो काळ अशा वेळांपैकी एक आहे. त्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा असे वाटते.

भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. तेव्हा बेळगाव असो की बडोदे, पणजी असो की इंदूर, हा विषय कोणत्याही मंडळीच्या उंबरठ्याबाहेरचा राहिलेला नाही.

गाठ आहे असे कळले की ती आजच्या आज कापून टाकावी, ही माणसाची पहिली इच्छा. वैद्यकशास्त्राचीही दीर्घकाळ हीच समजूत होती. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८० नंतरच्या दशकात स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्र काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे पाऊणशे वर्षे तीच खरी मानली गेली. परंतु रोगाच्या काही पेशी डोळ्यांना न दिसता आधीच शरीरात इतरत्र गेलेल्या असू शकतात, तिथे सुरी पोहोचत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. १९७० नंतरच्या दशकात इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी, ज्यांची गाठ शस्त्रक्रिया करण्याजोगी नव्हती अशा स्त्रियांना आधी औषधे देऊन पाहिली. मग अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून १,५२३ स्त्रियांची मोठी चाचणी घेतली. सुमारे निम्म्या स्त्रियांना केमोथेरपी शस्त्रक्रियेआधी दिली, बाकीच्यांना नंतर. दोन्ही गटांतील स्त्रिया सारख्याच जगल्या. मात्र आधी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के स्त्रियांचा स्तन वाचवता आला, नंतर घेतलेल्यांपैकी ६० टक्के स्त्रियांचा.

म्हणजे आधी औषध घेतल्याने वेळ वाया जात नाही. गाठ लहान होते, कधी अजिबात नाहीशी होते. गाठ जागेवर असताना औषध दिल्याने ते लागू पडते आहे की नाही हेही डॉक्टरांना समजते. म्हणूनच गाठ मोठी असेल, काखेत पसरली असेल, किंवा रोगाचा प्रकार तसा असेल, तर आज डॉक्टर आधी केमोथेरपी सुचवतात. साधारणपणे दोन किंवा तीन आठवड्यांनी एक, असे चार ते आठ डोस असतात. काही औषधे दर आठवड्याला देतात. एकंदर चार ते सहा महिने यात जातात.

हे सारे कागदावर पटते. परंतु जिच्या अंगावर हे महिने येतात तिच्या बाजूने पाहावे. इतर आजारांत दुखणे आधी येते, औषध मागाहून येते आणि औषधाने दुखणे हटते. इथे क्रम उलटा आहे. गाठ बहुधा दुखत नाही. इस्पितळाची पायरी चढली त्या दिवशी ही बाई धडधाकट होती. पाणी भरत होती, शाळेत शिकवीत होती. तिला आजारी पाडले ते औषधाने. आणि ज्याच्यासाठी हे सारे, ते रोज अंघोळ करताना हाताला लागतेच आहे. कापून टाकले, सुटले, असे म्हणण्याचा क्षण सहा महिने पुढे गेला आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या हितासाठी, दर तीन आठवड्यांनी आपल्या पायांनी चालत जाऊन, हात पुढे करून सलाईन लावून घ्यायची. या सोसण्यात एक निवड आहे, आणि ती निवड एकदा करून भागत नाही. दर डोसाला ती नव्याने करावी लागते. याहून मोठे धैर्य ते कोणते?

औषधाचे काम कसे चालते हेही समजून घ्यावे. भरभर वाढणाऱ्या पेशींवर ते घाव घालते. कर्करोगाच्या पेशी तशा वाढतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्यांचे अस्तर, हाडांच्या मगजात तयार होणारे रक्त, यांच्याही पेशी भरभर वाढणाऱ्याच. औषधाला आपला आणि परका पुरता ओळखता येत नाही. डॉक्सोरुबिसिन हे या आजारातले एक नेहमीचे औषध. दक्षिण इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून या औषधाचे घराणे निघाले. ते लालभडक असते आणि ते घेतल्यावर लघवीही लालसर होते. आधी कोणी सांगितले नसेल तर बाई रक्त समजून घाबरते. दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर दिसू लागतात. तोंड येते, अन्नाची चव जाते, मळमळते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लावणे अवघड होते.

आणि या साऱ्यांहून गंभीर एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येक डोसानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्याच. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर ती तातडीची बाब असते. सकाळी पाहू, क्रोसिन घेऊन पाहू, असे म्हणायचे नसते. रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळात जायचे असते. वेळेवर सलाईनमधून जंतुनाशक औषध मिळाले तर बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर पडतात. उशीर झाला तर काही तासांतही जीव जाऊ शकतो.

आता या ठिकाणी आपली ती सोशिक बाई उभी करा. रात्री अकराला तिला थंडी वाजून येते. नवरा दिवसभराच्या कामाने थकून झोपला आहे. मुलाची उद्या परीक्षा आहे. गेल्या महिन्यातही सर्वांना आपल्यासाठी धावपळ करावी लागली. ती गोधडी ओढून घेते आणि कोणाला उठवीत नाही. आयुष्यभर जो गुण म्हणून तिने जोपासला, ज्याची आपण सर्वांनी वाखाणणी केली, तोच या रात्री तिचा वैरी होतो. तिला कोणी सांगितलेच नव्हते, की या आजारात हाक मारणे हे तिचे कर्तव्य आहे. हे सांगण्याची जबाबदारी कोणाची होती? माझ्या मते ती आपणा सर्वांची होती.

वैद्यकीय अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. न्यूयॉर्कमध्ये डॉ. इथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना आपला त्रास, म्हणजे उलटी, वेदना, थकवा, धाप, नियमितपणे संगणकावर नोंदवण्यास सांगितले होते, आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जात असे. बाकीच्यांची देखभाल नेहमीच्या रीतीने चालली होती. त्रास नोंदवणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाच महिने अधिक जगले. त्या रुग्णांचा आजार शरीरात पसरलेला होता, म्हणून तो आकडा शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपचाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु त्यातला बोध साधा आहे. उलटीवर १९९० नंतर फार चांगली औषधे आली आहेत. उलटी होते हे सांगितले तर ती मिळतात. मुंग्या वाढल्याचे सांगितले तर डोस कमीजास्त करता येतो. तोंड आल्याचे सांगितले तर त्यावर उपाय आहे. जे सांगितले नाही त्यावर कोणता डॉक्टर उपाय करील? गप्प राहणाऱ्या बाईच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार येतो, आणि तो अकारण येतो.

याच्या जोडीला दुसरी एक समजूत पाहिली पाहिजे. ‘मन आनंदी ठेवा, निम्मा आजार तिथेच बरा होतो,’ असे आपण भेटायला गेल्यावर सहज बोलून जातो. हेतू चांगला असतो. परंतु हे खरे आहे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी २००७ साली डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची मनःस्थिती चांगली होती की वाईट, यावरून तो किती जगेल हे सांगता येत नाही, असे त्यात आढळले. मन प्रसन्न असणे ही स्वतःच एक चांगली गोष्ट आहे. ज्याला ते लाभले त्याने देवाचे आभार मानावेत. परंतु ते औषध म्हणून दुसऱ्यावर लादले, की त्याचे ओझे होते. मग बाई रडली की तिला वाटते, मी माझ्याच हाताने गाठ वाढवली. रोगाबरोबर रोगाचा दोषही तिच्या पदरात पडतो. अमेरिकन लेखिका सुझन सोंटाग यांना १९७५ साली हाच आजार झाला. १९७८ साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून, आजाराला स्वभावाचे किंवा मनाचे फळ मानण्याच्या या सवयीवर कडक टीका केली. ती सवय अजून गेलेली नाही. आपल्या मंडळ्यांत तिचे रूप थोडे वेगळे असते, एवढेच. ‘विश्वास कमी पडला असेल’, ‘प्रार्थनेत सातत्य नसेल’, असे शब्द कानावर येतात. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असेही कोणी सुचवतो. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांच्या हातून मिशन हॉस्पिटल उभे राहिले ते प्रार्थना करणाऱ्या माणसांच्याच दानातून. ज्या मंडळीने इस्पितळे बांधली तिने औषधाला अविश्वास म्हणावे, हे विचित्रच नव्हे काय?

ईयोबाची गोष्ट आपण सर्व जाणतो. त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही बोलला नाही. तोपर्यंत ते खरोखर मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याला समजावून सांगू लागले, तिथे ते चुकले. उलट ईयोबाने इतके कडक गाऱ्हाणे केले तरी शेवटी देवाचा राग त्याच्यावर झाला नाही, मित्रांवर झाला. स्तोत्रसंहितेतही कितीतरी स्तोत्रे उघडउघड गाऱ्हाणी आहेत, आणि आपण ती उपासनेत मोठ्याने वाचतो. मग तेच गाऱ्हाणे इस्पितळाच्या खाटेवरून आले की आपल्याला अवघडल्यासारखे का व्हावे?

धैर्य आणि गप्प राहणे यांचा काही संबंध नाही, हे दाखवणारे एक जुने उदाहरण आहे. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार १८११ साली पॅरिसमध्ये राहत होती. तिच्या स्तनात गाठ झाली. भूल देण्याची विद्या तेव्हा उपलब्ध नव्हती. ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध शल्यविशारद लॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा स्तन काढला. ती स्वतःहून शय्येवर चढली. चेहऱ्यावर पातळ रुमाल घातला होता, त्यातून तिला पात्याची चकाकी दिसली. शस्त्र चालू असताना ती किंचाळत होती, हे तिनेच लिहून ठेवले आहे. पुढे काही महिन्यांनी तिने आपल्या बहिणीला दीर्घ पत्र लिहून हे सारे कळवले. लिहिताना तिला इतका त्रास झाला, की लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. त्यानंतर ती २८ वर्षे जगली. आता सांगा, ही बाई भित्री म्हणायची काय? ती किंचाळली, आणि तिने सोसले. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

इथे कोणी विचारील, मग घरातल्यांचे काय? आईच रडत बसली तर लेकरांनी कोणाकडे पाहायचे? हा आक्षेप बिनबुडाचा नाही. आपले दुःख कोणाला किती सांगावे यालाही तारतम्य लागते. आठ वर्षांच्या मुलीला ‘आईचे केस औषधाने गेले, ते पुन्हा येतील’ एवढे खरे सांगणे पुरे. सासूबाईंना हिमोग्लोबिनचा आकडा सांगण्याची गरज नाही. आणि काही स्त्रियांना बोलणे नकोच असते. त्यांना भाजी निवडता निवडता दुसऱ्याच कशाबद्दल बोलावेसे वाटते. तोही त्यांचा अधिकार आहे. सांगण्याची सक्ती करणे हे गप्प राहण्याच्या सक्तीइतकेच वाईट. परंतु शरीराचा त्रास डॉक्टरांना पूर्ण सांगावा, आणि मनाचा त्रास निदान एका माणसाला सांगता यावा. यापेक्षा कमी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

यासाठी आधी तिला तिचा आजार सांगितलेला असला पाहिजे. आपल्या घरांत अजूनही रिपोर्ट नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात पडतो, आणि ‘तिला कळवू नका, ती खचेल’ अशी कुजबुज दाराबाहेर चालते. प्रेमापोटी हे होते हे मान्य. पण ज्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी पुन्हा होकार द्यायचा, तो होकार तिने कशाच्या आधारावर द्यावा? केस गळाल्यावर तिला कळणारच आहे, आणि तेव्हा तिला दुसरीही गोष्ट कळेल, की घरातले सर्व जण तिच्याशी खोटे बोलत होते. मग आपला ताप तरी ती कोणापाशी बोलणार?

ऐकणाऱ्यांनी काय करावे, हा शेवटचा आणि खरा अवघड प्रश्न. १९८९ साली अमेरिकेत एका लहान अभ्यासावरून असे वाटले होते, की स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया एकत्र बसून मनातले बोलल्या तर त्या अधिक जगतात. २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांवर हे पुन्हा तपासले, तेव्हा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र ज्या स्त्रिया मनाने फार खचल्या होत्या त्यांचे दुःख हलके झाले आणि वेदनाही कमी जाणवल्या. कोणी म्हणेल, आयुष्य वाढले नाही तर उपयोग काय? मला वाटते, सोबतीचा उपयोग सोबत हाच आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या मित्रांपाशी एवढेच मागितले, की जवळ जागे राहा. ते झोपी गेले, ही त्या रात्रीतली एक मोठी खंत आहे.

जागे राहणे म्हणजे काय, हे या आजारात फार ठळकपणे सांगता येते. डोसाच्या दिवशी डे-केअरमध्ये सोबत चार-सहा तास बसणारे कोणी असावे. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर असावा आणि इस्पितळाचा रात्रीचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत सर्दी झालेल्यांनी भेटीला जाऊ नये. प्रार्थना दारात उभे राहूनही करता येते. खेड्यातून मुंबईला टाटा इस्पितळात जाणाऱ्यांना उपचाराइतकाच राहण्याचा प्रश्न जड जातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे रुग्णांना आसरा देतात. पण सोबत कोण जाणार, मागे मुलांचा डबा कोण करणार, एका दिवसाची बुडालेली मजुरी कोण भरणार, हे मंडळीने वाटून घेण्याचे प्रश्न आहेत. आणि ती बोलू लागली तर तिला पुढे बोलू द्यावे. ‘अमकीला याहून वाईट झाले होते’ ही गोष्ट तिथे सांगू नये.

उपचार संपले, शस्त्रक्रिया झाली, की काढलेला भाग तपासणीला जातो. कधी त्यात रोगाचा लवलेशही सापडत नाही. तो आनंदाचा दिवस. कधी काही रोग शिल्लक सापडतो. तो निकाल म्हणजे त्या बाईच्या धीराला, मनोबलाला किंवा विश्वासाला मिळालेले गुण नव्हेत, हे आपण सर्वांनी पक्के लक्षात ठेवले पाहिजे. गाठीने औषधाला कसा प्रतिसाद दिला, एवढेच त्यातून कळते. आणि ते कळणेही फुकट जात नाही. २०१७ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे, की काही प्रकारच्या आजारात, रोग शिल्लक राहिलेल्यांना पुढे वेगळे औषध दिल्याने फायदा होतो. पुढची वाट त्याच कागदावरून ठरते.

सोशिकपणाची थोरवी आपण आपल्या मुलींना अवश्य शिकवावी. मात्र त्याबरोबर त्यांना हेही शिकवावे, की दुखते तेव्हा दुखते असे म्हणावे, ताप आला तर रात्री घर उठवावे, आणि रडू आले तर रडावे. त्यांनी हाक मारली आणि आपण उठलो, तर ते सोसणे निदान एकटीचे राहणार नाही.